जंगम बेलिफची उलटतपासणी

"न्यायाधीश?" घोलप कारकुनांनी माझ्या हातातला फॉर्म काढून घेतला, खिडकीकडे धरला आणि खोटी नोट तपासावी तसा उलटसुलट करून पाहिला. "पेंढारकर, तुम्हाला न्यायाधीश व्हायचंय? दादासाहेबांना माहीत आहे?"

"आज सांगणार आहे. त्यांचाच दाखला लागतो."

"कसला?"

"मी तीन वर्षं वकिली केली आणि माझी वर्तणूक चांगली होती, असा."

"दोन्ही एकाच कागदावर?" घोलप म्हणाले आणि त्यांनी फॉर्म परत दिला.

याला पंचेचाळीस वर्षं झाली. आम्ही कोर्टाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण तिथले काही वकील अजून हयात आहेत आणि त्यांना दिवसभर दुसरं काम नाही. मी दादासाहेब रणनवरे वकिलांचा ज्युनिअर होतो. म्हणजे त्यांची बॅग धरायचो, तारखा मागायचो आणि ते युक्तिवाद करू लागले की मागे बसून मान हलवायचो. मान बरी हलवतो असं माझ्याबद्दल मत होतं. घोलप दादासाहेबांचे कारकून. वकिली त्यांनी केली नव्हती, पण वकील कसे होतात आणि कसे बिघडतात हे जवळून पाहिलं होतं.

शेजारच्या टेबलावरून नेने वकिलांनी मान वळवली. ते नेहमी आमच्या विरुद्ध असत आणि तरीही आमच्याच शेजारी बसत.

"न्यायाधीश कशाला होताय? दर तीन वर्षांनी बदली आणि गावात कुणाकडे जेवायला जायची चोरी. सरकारी वकील व्हा. केस पोलिसांनी आधीच बिघडवून आणलेली असते, आपल्याला नव्यानं बिघडवावी लागत नाही."

"त्यापेक्षा नोटरी बरं," घोलप म्हणाले. "लोक शपथ घेतात, आपण शिक्का मारतो. खरं की खोटं हे कुणीच कुणाला विचारायचं नसतं."

तेवढ्यात शिवलिंग जंगम आत आले. हे कोर्टाचे बेलिफ. खाकी कोट, काळी टोपी, खांद्याला पिशवी. पिशवीत गावोगाव बजावायची समन्सं आणि दाराला कागद चिकटवण्यासाठी खळीचा डबा. ते आले आणि आमचं बोलणं थांबलं.

"अप्पा, तुम्हीच सांगा," नेने जरा जास्तच हसून म्हणाले, "आमच्या पेंढारकरांनी काय व्हावं?"

"बेलिफ सोडून काहीही," जंगम म्हणाले. उभ्याउभ्या चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेले.

घोलपांनी ते दिसेनासे होईपर्यंत दम धरला. "बघितलंत? कप थरथरत होता."

"सत्तावन्न वर्षांचे आहेत."

"गेल्या सोमवारीही सत्तावन्नच वर्षांचे होते. तेव्हा थरथरत नव्हता."

मी नेन्यांकडे पाहिलं. ते बशीत बघत होते. एखादा माणूस बशीत इतका वेळ काय बघतो, असा मला संशय आला. त्या आठवड्यात मला सगळ्यांचाच संशय येत होता, आणि त्याचं कारण दादासाहेबांनी माझ्या हातात दिलेलं एक प्रकरण होतं.

बोरगोठण नावाच्या गावात हौसाबाई भोईटे म्हणून एक विधवा राहत होत्या. त्यांचे दीर आत्माराम यांनी नेने वकिलांमार्फत राहत्या घरावर आणि विहिरीजवळच्या दीड एकरावर दावा लावला. हौसाबाई कोर्टात आल्याच नाहीत, म्हणून कोर्टानं आत्मारामच्या बाजूनं एकतर्फी निकाल दिला. तो कळल्यावर हौसाबाई रडत दादासाहेबांकडे आल्या. म्हणाल्या, मला दाव्याचा पत्ताच नाही, कागद कसला तो डोळ्यांनी पाहिला नाही. मग आम्ही निकाल रद्द करण्यासाठी अर्ज केला. कोर्टाच्या फायलीत जंगमांचा अहवाल होता: दोनदा गेलो, बाई घरी नव्हत्या, दोन पंचांसमक्ष समन्स दाराला चिकटवलं.

म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. बाई खोट्या ठरल्या तर घर आणि जमीन जाणार. जंगम खोटे ठरले तर त्यांची चौकशी, नोकरी आणि सात महिन्यांवर आलेलं पेन्शन जाणार.

"कोण खोटं बोलतंय असं तुला वाटतं?" दादासाहेबांनी त्या संध्याकाळी ऑफिसात विचारलं. त्यांनी माझा फॉर्म वाचला होता आणि टेबलाच्या खणात ठेवला होता. खण बंद करून किल्ली फिरवली तेव्हा मला त्याचाही संशय आला.

"मी आधी दोघांनाही भेटून—"

"बघ. म्हणूनच तुला न्यायाधीश व्हावंसं वाटतंय. नीट ऐक. न्यायाधीश दोन्ही बाजूंवर संशय घेतो. तो त्याचा पगार. वकील फक्त समोरच्यावर संशय घेतो. ती त्याची अन्नदात्याशी निष्ठा. आणि बेलिफवर सगळेच संशय घेतात. त्याला इलाज नाही, त्याचं कामच कुणाला नको असलेला कागद नेऊन द्यायचं. मंगळवारी जंगमची उलटतपासणी तू घे."

"मी?"

"बेलिफची उलटतपासणी म्हणजे नवशिक्यानं पोहायला शिकायची उथळ विहीर. बुडालास तरी उभं राहता येतं."

घोलप दारात उभे होते. त्यांनी उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. त्याला चिंधी बांधलेली होती.

"वकीलपत्रावर हौसाबाईचा अंगठा घ्यायला बोरगोठणला गेलो होतो ना. तिच्या दाराच्या पत्र्यानं कापलं. दार पत्र्याचं आहे. लक्षात ठेवा, उपयोगी पडेल."

मंगळवारी मी ते लक्षात ठेवलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर जंगम एकदम लहान दिसायला लागले. तीस वर्षं त्यांनी त्या पिंजऱ्याच्या बाहेर उभं राहून लोकांची नावं पुकारली होती. नेन्यांनी त्यांच्याकडून अहवाल वदवून घेतला आणि ते बसले. मी उठलो. कोर्टात बरीच गर्दी होती. बेलिफची तपासणी बघायला गावातून लोक आले होते. ज्यांच्या दारावर जंगमांनी कधी ना कधी काही चिकटवलं होतं असे पुष्कळ होते.

"अहवालावर दोन पंचांच्या सह्या आहेत. पहिला पंच कोण?"

"गोविंद शेलार."

"त्यांचं आणि वादी आत्माराम भोईट्यांचं नातं काय?"

"मेहुणा लागतो म्हणे."

"म्हणे? आणि तुम्ही वादीचाच मेहुणा पंच म्हणून घेतला?"

"दुपारची वेळ होती, साहेब. गावातली माणसं रानात. तोच एक मोकळा होता."

"वादीचा मेहुणा मोकळा असतो. बरं, दुसरा पंच कुठं आहे?"

"वारला."

लोक हसले. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. लोक थांबले.

"समन्स दाराला चिकटवलं म्हणता. दार कसलं होतं?"

"लाकडी."

"नीट आठवून सांगा."

"आठवतंय की. सागवानी, दोन फळ्यांचं. कडीला सुतळी बांधलेली. उजव्या फळीला एक मोठा खिळा मारलेला, बाई त्याला टोपली अडकवत असणार. त्या खिळ्याच्या खाली चिकटवलं. हातभर खाली."

मी थोडं थांबलो. दादासाहेब बोलण्याआधी थांबत, म्हणून मीही थांबलो.

"हौसाबाईंच्या घराला पत्र्याचं दार आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

जंगमांनी माझ्याकडे पाहिलं. मग नेन्यांकडे. मग साहेबांकडे.

"नव्हतं," ते म्हणाले.

"काय नव्हतं?"

"पत्र्याचं नव्हतं, साहेब."

"म्हणजे तुम्ही जाऊन आलात आणि तीन महिन्यांत सागाचा पत्रा झाला?"

या वेळी साहेबांनाही हसू आवरायला कागद उचलावा लागला. मी पुढे रेटलं. मी चांगल्या फॉर्मात होतो. "माझं असं म्हणणं आहे की तुम्ही हौसाबाईंच्या दाराशी गेलाच नाहीत. वादीच्या मेहुण्याच्या ओसरीवर बसलात, चहा प्यायलात आणि तिथंच अहवाल लिहिलात. तुम्ही खोटारडे आहात."

याला साक्षीदारानं "हे म्हणणे खरे नाही" असं उत्तर द्यायचं असतं. जंगमांनी हे वाक्य हजार वेळा ऐकलं असेल. पण ते म्हणाले, "मी गेलो होतो." आणि जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, "ऊन होतं."

आत्मारामची साक्ष गुरुवारी ठेवून साहेब उठले. बाररूममध्ये लोकांनी माझी पाठ थोपटली. नेन्यांनीसुद्धा. त्यांचा बेलिफ पडला होता आणि ते माझी पाठ थोपटत होते. कशाला? दादासाहेबांनी कधी नव्हे ते स्वतःच्या डब्यातली चकली पुढे केली. "खण उघडीन मी. शनिवारी शेवटची तारीख ना?"

मी चकली खाल्ली, पण खिळा काही केल्या डोक्यातून जाईना. खोटं बोलणारा माणूस "दार होतं" म्हणेल. फार तर "लाकडी होतं" म्हणेल. ओसरीवर बसून अहवाल लिहिणारा माणूस खिळा कुठून आणेल, त्याला टोपली कशाला अडकवेल, आणि कागद खिळ्याच्या हातभर खाली का लावेल? एवढा खोटेपणा करायला कादंबरी लिहायला बसावं लागतं. जंगमांचे अहवाल मी वाचले होते. त्यांना विशेषणांचा तिटकारा होता.

बुधवारी सकाळी मी डोकं दुखतं असं सांगितलं आणि सायकलवर टांग टाकून बोरगोठणला गेलो. अकरा किलोमीटर. शेवटचे चार चढाचे.

हौसाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. मागे पत्र्याचं दार होतं आणि त्याच्या कडेला घोलपांचं बोट कापलं ती जागा. दार चौकटीत बसत नव्हतं. वर वीतभर उजेड दिसत होता.

"बाई, हे दार कधी लावलंत?"

"चैत्रात. कराडला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते महिनाभर. आले तर दार नाही. आत कुत्री."

"दार नाही म्हणजे?"

"नेलं की आत्मारामनं. म्हणाला, वाटणीत दार माझ्याकडे आलंय, उंबरा तुझ्याकडे."

मी सायकल भिंतीला लावली. "हे तुम्ही आम्हाला का सांगितलं नाहीत?"

हौसाबाईंनी शेंग फोडायची थांबवली. माझ्याकडे असं पाहिलं की डोकं खरंच दुखायला लागलं. "सांगितलं की! पयल्या दिवशीच सांगितलं. दार नेलं हो माझं, म्हणून रडले. तर तुमचे मोठे वकील म्हणाले, दाराचा दावा वेगळा होईल, ते नंतर बघू, आत्ता फक्त कागदाचं बोला. आणि ते कारकून म्हणाले, बाई, विषय सोडून बोलू नका. मग मी विषय धरून बोलले."

मी तिथंच होतो. त्या दिवशी मागे बसून मी मान हलवत होतो.

आत्मारामचं नवं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. सिमेंटचं घर आणि त्याला जुनं, भारी सागवानी दार. दाराला हिरवा तैलरंग. आत्माराम बाहेर बाजेवर पडला होता. मी त्याच्याशी बोललो नाही. विरुद्ध बाजूच्या पक्षकाराशी परस्पर बोलायचं नसतं, आणि शिवाय तो झोपला होता. मी पाणी मागायच्या निमित्तानं दाराजवळ गेलो. उजव्या फळीला खिळ्याचं भोक होतं. त्याच्या हातभर खाली, रंगाच्या आत, चौकोनी फुगवटा. बोट फिरवलं तर कागदाच्या चारी कडा लागत होत्या.

त्या माणसानं समन्स काढलं नव्हतं. त्याच्यासकट दार उचललं होतं, नव्या घराला लावलं होतं आणि वरून रंग दिला होता.

संध्याकाळी दादासाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. दादासाहेब गप्प बसले की घोलप खिडकी लावून घेत. त्यांनी खिडकी लावली.

"अर्जाबरोबर हौसाबाईचं शपथपत्र आहे. त्यात काय म्हटलंय?"

"की कुणी बेलिफ कधीही आला नाही."

"सही कुणाची?"

"तिचा अंगठा."

"आणि भाषा?"

मी फायलीतलं शपथपत्र काढून पाहिलं.

"भाषा माझी," दादासाहेब म्हणाले. "ती म्हणाली, मला कागद दिसला नाही. मी लिहिलं, बेलिफ आला नाही. कारण त्यानं प्रकरण जोरदार होतं. आता तू उद्या उठून कोर्टाला सांगणार, बेलिफ आला होता. उत्तम. मग चाळीस वर्षं वकिली केलेला रणनवरे अशिलाच्या तोंडी खोटं घालतो, असंही लगेच सांग. वेगळी तारीख नको."

"पण दार तिला फायद्याचंच आहे. वादीनंच समन्स उचलून नेलं म्हटल्यावर निकाल रद्द होणारच."

"बेलिफ खोटा आहे म्हटलं तरी होणारच. आणि ते लोकांना पटतं. बेलिफ खोटा, यावर कोर्टाचा आधीपासून विश्वास असतो. दीर दार घेऊन गेला, दारावर समन्स होतं, त्याला हिरवा रंग दिला, हे मला तू सांगतोयस आणि मला पटत नाही."

"जाऊन बघता येईल."

"वकील जाऊन बघत नाही, पेंढारकर. वकिलाला जे दाखवलं जातं तेवढंच तो बघतो."

"जंगमांची नोकरी जाईल."

"जंगम आपले अशील आहेत?"

दादासाहेबांनी खण उघडला. फॉर्म काढला. दाखला त्यांनी टाइप करवून घेतला होता, सहीची जागा तेवढी रिकामी होती. त्यांनी मला तो लांबून दाखवला आणि परत ठेवला. "आत्मारामला विचारायचे अकरा प्रश्न मी काढलेत. उद्या तूच विचार. अकरा. संध्याकाळी येऊन दाखला घेऊन जा."

बाहेर पडताना घोलप माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. हे कधी होत नसे. "मला बाई म्हणाली होती दाराचं," ते म्हणाले. "मी वेगळ्या कागदावर टिपूनही ठेवलं होतं. 'दार: दावा वेगळा.'" मग आजूबाजूला बघून म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगितलं नाही." ते मला सावध करत होते की माझी परीक्षा घेत होते, ते कळेना.

गुरुवारी दादासाहेब स्वतः येऊन माझ्या मागच्या खुर्चीवर बसले. आत्माराम पिंजऱ्यात आला. धुतलेला सदरा, चुन्याचं बोट, चेहऱ्यावर अतिशय कायदेशीर भाव. जंगम दाराशी उभे होते. नाव पुकारायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी आत्मारामचं नाव पुकारलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मी अकरा प्रश्न विचारले. सगळे गोविंद शेलारबद्दल होते. तो तुमचा मेहुणा ना, तुमच्याकडेच जेवतो ना, बेलिफ आला तेव्हा चहा कुणी केला. आत्मारामनं नेन्यांनी सांगितल्याप्रमाणे उत्तरं दिली. अकरावा संपला. साहेब म्हणाले, "झालं?"

"एक प्रश्न आहे, साहेब," मी म्हणालो.

मागून माझा गाऊन ओढला गेला. हळूच, पण दादासाहेबांचा हात ओळखू आला.

"तुमच्या नव्या घराला सागवानी दार आहे?"

"आहे."

"ते कुठून आणलं?"

नेने उठले. "हरकत आहे. दाराचा या अर्जाशी काय संबंध?" यांनाही ठाऊक होतं तर.

साहेब नेन्यांकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "मंगळवारी दाराचा संबंध होता. आज का नाही? उत्तर द्या."

"जुन्या घरनं," आत्माराम म्हणाला. "वाटणीत माझ्याकडे आलं. उंबरा भावजयीला दिला."

"कधी नेलंत?"

"भावजय कराडला होती तेव्हा. ती असती तर नेऊ दिलं नसतं." एवढं प्रामाणिक उत्तर त्या पिंजऱ्यात फार दिवसांनी ऐकू आलं असावं.

"नेलं तेव्हा दारावर काही चिकटवलेलं होतं?"

गाऊन पुन्हा ओढला गेला. आता जोरात.

आत्मारामनं नेन्यांकडे पाहिलं. नेने खाली काहीतरी लिहीत होते. त्यांच्या पेनाला टोपण लावलेलं होतं.

"होता एक कागद," आत्माराम म्हणाला.

"कसला?"

"कोर्टाचा. खिळ्याखाली होता. जंगमअप्पानं लावलेला."

"लावताना तुम्ही पाहिलं?"

"तर काय. मीच माझ्या मेहुण्याला म्हटलं, जा, सही कर."

"मग तो कागद काढून भावजयीला का दिला नाही?"

आत्माराम एकदम दुखावला. "कोर्टाचा कागद मी काढू? गुन्हा असतो, साहेब, त्याचा! मी त्याला हात लावला नाही. फाडला नाही, चुरगाळला नाही, काही नाही."

"मग काय केलंत?"

"वरनं रंग दिला."

कोर्टात क्षणभर कुणी हसलंच नाही. मग मागून हौसाबाईंचा आवाज आला, "मी सांगितलं होतं की! पयल्या दिवशी!" घोलपांनी त्यांना खाली बसवलं, आणि मग सगळं कोर्ट हसलं. नेने हसले. साहेब तोंडासमोर फाईल धरून हसले. दादासाहेब उठून बाहेर गेले. जंगम हसले नाहीत. दाराशी उभे होते तसेच उभे राहिले.

साहेबांनी तिथल्या तिथं निकाल सांगितला. समन्स दाराला लावलं होतं, पण वादीनं दारच नेल्यामुळे ते हौसाबाईंना कळायला मार्ग नव्हता. एकतर्फी निकाल रद्द, दावा नव्यानं चालेल. आणि बेलिफचा अहवाल खरा आहे, त्यात काही गैर नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी स्टेनोला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

मला त्यांनी चेंबरमध्ये बोलावलं. "मंगळवारी मलाही संशय आला होता," ते म्हणाले. "खिळ्यामुळे."

"मग आपण—"

"मी काय करणार? न्यायाधीशानं संशय घेऊन बसायचं असतं. कायद्यानं मला तिकडे जाऊन बघता येतं, पण वीस वर्षांत मी खुर्चीवरून उठून कुठं गेलो नाही. तुम्ही न्यायाधीशाचा फॉर्म भरलाय म्हणे?"

"दाखला राहिलाय."

"राहू द्या. तुम्हाला बसवणार नाही." मग जरा विचार करून ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एका बांधाची पाहणी करायला कमिशनर नेमायचाय. उन्हात जावं लागतं आणि दोन्ही पक्ष शिव्या देतात. कुणी तयार होत नाही."

पुढे मी एकतीस वर्षं तेच केलं. कोर्ट कमिशनर म्हणजे टेप घेऊन जायचं, बांध, विहीर, भिंत, जे असेल ते मोजायचं आणि जसं दिसलं तसं लिहून द्यायचं. त्याला परीक्षा नाही, गाऊन लागत नाही आणि कुणाच्या मुलानं ते व्हावं असं कुणाला वाटत नाही. त्या संध्याकाळी मी दाखला आणायला गेलो नाही. दादासाहेबांनीही घोलपांकरवी माझी छत्री तेवढी परत पाठवली.

पण हे नंतरचं. गुरुवारी मी चेंबरमधून निघालो तेव्हा जंगम पायऱ्यांवर होते. माझा अंदाज होता, ते आभार मानतील. त्यावर काय म्हणायचं हेही मी ठरवलं होतं.

"अप्पा, सुटलात."

"सुटलो," ते म्हणाले. पिशवी खांद्यावर नीट केली. "साहेब, मंगळवारी मागच्या बाकावर माझे व्याही बसले होते. लेकीचं ठरलंय ना. तारीख काढायला म्हणून गावात आले होते, म्हटले, व्याह्यांचं कोर्ट तरी बघू. आज ते आले नव्हते."

मी काही बोलायच्या आत ते पायऱ्या उतरून गेले. त्यानंतर, निवृत्त होईपर्यंत आणि पुढेही, ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

निकालाची नक्कल मला शुक्रवारी दुपारीच मिळाली. या सगळ्या हकिगतीत न पटण्याजोगं काही असेल तर ते हेच. ती घेऊन मी जंगमांच्या व्याह्यांच्या गावी गेलो. त्यांचं नाव काशिलिंग स्वामी, पिठाची गिरणी होती. बारा-पंधरा बाया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या. पट्ट्याचा आवाज, पीठ उडतंय, स्वामींच्या भुवयांपर्यंत पीठ. मी ओरडून सांगितलं की कोर्टातून आलोय. त्यांनी गिरणी बंद केली.

मी नक्कल वाचली. सगळी. शेवटचं वाक्य दोनदा. बाया ऐकत होत्या.

स्वामींनी माझ्याकडे आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"मंगळवारी त्यांना खोटारडे म्हणणारे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग मंगळवारी खोटं बोलत होता की आज बोलताय?"

रांगेतल्या एका बाईनं डबा खाली ठेवला.

"मंगळवारी," मी म्हणालो. "मंगळवारी मी न बघता बोललो."

त्यावरही त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. वकिलानं स्वतःविरुद्ध दिलेला कबुलीजबाब कुणालाही संशयास्पदच वाटेल. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं.

"जंगमअप्पांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाही."

"बोलणं तर झालं असेल."

"नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत."

स्वामी गिरणीच्या बटणापर्यंत गेले. मग प्रथमच त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"मग खरं असेल," ते म्हणाले आणि त्यांनी गिरणी चालू केली.